मागायची वेळ येऊ नये

मंडळी, आमच्या भागात हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. चहाच्या टपरीवर, मोंढ्यात, लग्नाच्या मांडवात, कुठेही. "सरकारनं रेशन फुकट केलं आणि माणसं आळशी झाली. शेतात कामाला माणूस मिळत नाही." असं बोलणारे काही वाईट नसतात. सोयाबीन काढणीला आलेलं असतं, वर ढग जमलेले असतात आणि मजूर मिळत नाहीत, तेव्हा माणूस चिडणारच. माझा पुतण्या पुण्यात असतो, त्यानेही मध्यंतरी फोनवर हेच ऐकवलं. फोनवर धड उत्तर देता आलं नाही (जवळा बाजारची रेंज हा एक वेगळाच विषय आहे!), म्हणून सविस्तर इथे लिहितो.

आधी हिशेब मांडतो. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, फळ्यावर गणित मांडल्याशिवाय माझं समाधान होत नाही.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ सालचा. महाराष्ट्रात तो २०१४ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, आणि अंत्योदयच्या कुटुंबाला सरसकट ३५ किलो. ५ किलोला ३० दिवसांनी भागा. माणशी दिवसाला १६६ ग्रॅम येतं. म्हणजे बेताच्या दोन भाकरी. शेतात राबणारा गडी एका बैठकीला तेवढं संपवतो. रात्रीचं काय? आणि त्याबरोबर डाळ, तेल, मीठ, मिरची लागते, ती कुठून आणायची? तेव्हा फक्त रेशनवर जगून आळशी होणं हे गणितात बसत नाही.

आता 'फुकट'चा हिशेब. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झालं. त्याच्या आधी काय दर होता? तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये किलो. पाच माणसांच्या घराला २५ किलो धान्य. सगळा तांदूळच घेतला असं धरलं तरी ७५ रुपये. म्हणजे फुकट केल्यामुळे त्या घराचे महिन्याला फार तर ७५ रुपये वाचले. एका दिवसाच्या मजुरीइतकेही नाहीत. एवढ्यावर कोण घरी बसेल, सांगा बरं?

मजूर मिळत नाहीत त्याची कारणं दुसरी आहेत. सगळ्यांचं सोयाबीन एकाच आठवड्यात येतं. तरणी पोरं पुण्याला, संभाजीनगरला कंपनीत गेली. दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि लेकरं.

काहीजण रेशनचा तांदूळ विकतात, हेही खरं आहे. ते मी नाकारत नाही. पण आमच्या भागातला माणूस मुळात ज्वारी खाणारा. दुकानातून मिळतो बहुतेक गहू आणि तांदूळ. थोडा तांदूळ देऊन कुणी तेलाची पिशवी आणली तर मला त्यात चैन दिसत नाही. पोत्यांनी माल पळवणारे वेगळे. त्यांना सोडू नये. पण त्या दोघांना एकाच मापाने मोजू नये, एवढंच माझं म्हणणं.

असो. हिशेब झाला. पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. आपण सगळे 'कुणाला उगाच मिळतं' याची चर्चा फार करतो. 'कुणाला मिळत नाही' याची चर्चा होत नाही, कारण ज्याला मिळत नाही तो टपरीवर येऊन बोलत नाही. उपाशी माणूस मागत नाही हो. ज्याला मागण्याची सवय असते त्याची गोष्ट वेगळी. पण घरात पीठ संपलंय हे शेजाऱ्याला सांगताना माणसाची जीभ जड होते. म्हणून कोणतीही अन्नाची योजना चांगली की वाईट हे मी एकाच कसोटीवर ठरवतो. ज्याला मागता येत नाही त्याला ती न मागता मिळते का?

ही कसोटी मी पुस्तकातून घेतलेली नाही. १९७२ च्या दुष्काळात मी बाविशीत होतो. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता (हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला). मी बी.ए.ला होतो, आणि सुट्टीत दुष्काळी कामावर हजेरीपट लिहायला जायचो. खडी फोडायची, पाझर तलावाची माती उचलायची, नालाबंडिंगचं काम करायचं. ज्यांच्या घरी चार सालगडी असायचे अशी घरंदाज माणसंही तिथे पाटी उचलत होती. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. कामावर सुकडी वाटायचे, गोडसर, कोरडी. आणि रेशनवर तो परदेशातून आलेला लाल मिलो! माझ्या वयाच्या कुणालाही मिलोचं नाव काढून बघा, अजून तोंड वाकडं करतील. पण त्याच मिलोने जगवलं.

त्या हजेरीपटावर मी रोज नावं लिहायचो. नाव, गाव, हजर. एवढंच. उत्पन्नाचा दाखला नाही, जमीन किती ते विचारणं नाही. सकाळी आला की त्याचं नाव पटावर. त्यामुळे झालं काय, की कुणालाही 'मला खायला द्या' असं म्हणावं लागलं नाही. 'काम द्या' म्हणायला माणसाला लाज वाटत नाही. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला. पुढे १९७७ ला त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कायदा झाल्याने कामाची मागणी हा हक्क झाला. हे महाराष्ट्राने देशाच्या कितीतरी आधी केलं, याचा मला अजून अभिमान वाटतो.

शहरातही तेव्हा स्वस्थता नव्हती. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या भीक मागायला आल्या नव्हत्या, जाब विचारायला आल्या होत्या.

आता शाळेकडे येतो. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली. सुरुवातीला आमच्याकडे शिजवलेलं अन्न नव्हतं. ज्या मुलाची हजेरी ८० टक्के, त्याला महिन्याला ३ किलो तांदूळ. आम्ही शिक्षक गमतीने म्हणायचो, डी.एड. केलं आणि रेशन दुकानदार झालो! पण त्या ८० टक्क्यांत एक मेख होती. जे लेकरू आईबरोबर कापूस वेचायला जातं, त्याचीच हजेरी भरत नाही. म्हणजे ज्याच्या घरी तांदळाची गरज जास्त, त्याचाच तांदूळ कापला जायचा. नियम वाईट हेतूने केलेला नव्हता. पण कसोटीला उतरत नव्हता.

मग २००१ साली पी.यू.सी.एल. या संघटनेने राजस्थानातून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सरकारी गोदामं भरलेली आणि दुष्काळात माणसं उपाशी, हा तिचा मुद्दा. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण द्या. किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान २०० दिवस. तामिळनाडूत हे कामराजांच्या काळापासून, म्हणजे १९५० च्या दशकापासून चालू होतं. आपल्याकडे २००२-०३ पासून खिचडी शिजू लागली. मी २००८ ला निवृत्त झालो, म्हणजे शेवटची पाच-सहा वर्षं मी खिचडीच्या वासातच शिकवलं.

त्या वर्षांत मला एक गोष्ट कळली, ती कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती. सोमवारी खिचडी कमी पडायची. पट तोच, हजेरी तीच, तांदळाचं माप तेच. इतर दिवशी थोडी उरायची, सोमवारी मात्र पातेलं खरवडलं जायचं. मी एकदा आमच्या स्वयंपाकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "गुरुजी, काल ऐतवार होता नव्हं." बस्स, एवढंच. मी वहीत आकडे लिहीत बसलो होतो आणि त्या बाईंना पातेल्यावरून गावातली चूल कळत होती. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवसही तसाच.

एकाही लेकराने मला कधी 'काल जेवलो नाही' असं सांगितलं नाही. आणि त्याला सांगावं लागतही नव्हतं. सगळ्यांनाच वाढायचं होतं. सरपंचाचा नातू आणि ऊसतोड्याची लेक एकाच रांगेत. गरिबांच्या मुलांपुरतीच खिचडी ठेवली असती तर किती मुलांनी ताट पुढे केलं असतं? माझ्या मते, सर्वांत भुकेल्याने सर्वांत आधी पाठ फिरवली असती.

हे सगळं गोडगोड होतं असं समजू नका. २० एप्रिल २००४ ला न्यायालयाने आणखी आदेश दिले. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्यावं, आणि स्वयंपाकी नेमताना दलित, आदिवासी बायकांना प्राधान्य द्यावं. दुसऱ्या आदेशाने ठिकठिकाणी कुरबुर झाली. मी होतो त्या शाळेत काही घरांतून अचानक डबे यायला लागले. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांना कळत होतं. आम्ही शिक्षकांनी काही भाषण दिलं नाही. रोज पंगतीत बसून आधी आम्ही जेवायचो. महिन्या-दोन महिन्यांत बहुतेक डबे बंद झाले, मोहरीच्या फोडणीपुढे कोण टिकणार! दोन घरांचे मात्र शेवटपर्यंत येत राहिले. तेही लिहायला हवं.

आपल्या भागाला खरं तर ही पंगत नवी नाही. गावोगाव हरिनाम सप्ताह होतात, काल्याचा महाप्रसाद होतो, शिवरात्रीला औंढ्याला नागनाथाच्या यात्रेत फराळ वाटतात. नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगर आहे. आमच्या सौ.ला घेऊन मी तिथे गेलो की आवर्जून पंगतीला बसतो. तिथे कुणी विचारत नाही, तुमचं कार्ड पिवळं की केशरी? सगळेच बसतात, म्हणून बसणाऱ्याला लाज नाही. दान देणाऱ्याचं नाव असतं, पण घेणाऱ्याचं नाव कुणी लिहून घेत नाही. मला वाटतं शाळेच्या खिचडीने हेच केलं.

आता सध्याचं बघू. इथे मला काळजी वाटते.

पहिली गोष्ट, इष्टांक. हा शब्द शहरातल्या मंडळींना माहीत नसेल. कायद्याखाली महाराष्ट्रात किती माणसांना धान्य मिळेल याची मर्यादा ठरलेली आहे, सुमारे ७ कोटी. ती २०११ च्या जनगणनेवरून काढलेली. त्यानंतर जन्मलेली लेकरं शाळेत जाऊ लागली, सुना आल्या, त्यांची लेकरं झाली. पण इष्टांक भरला की नवं नाव चढत नाही. कुणाचं तरी नाव कमी व्हायला हवं. भूक काही इष्टांक बघून लागत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. २०१५ साली राज्य सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांनाही माणशी ५ किलो धान्य २ आणि ३ रुपये दराने द्यायला सुरुवात केली. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात होते, हिंगोलीही. चांगला निर्णय होता. कारण आमच्याकडे सातबारावर चार एकर असलेला माणूस कागदावर गरीब ठरत नाही, आणि पाऊस गेला की त्याच्या घरात दाणा नसतो. २०२३ पासून मात्र धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये बँक खात्यात देणं सुरू झालं, पुढे ते १७० झाले. १७० रुपयांत ५ किलो म्हणजे किलोला ३४ रुपये. वाण्याकडे जाऊन गहू-तांदळाचे भाव विचारा आणि तुम्हीच बघा. शिवाय भाव वाढले की पैशाचं धान्य घटतं. पाच किलो मात्र पाच किलोच राहतात. आणि खात्यात आलेले पैसे कधी खताच्या उधारीत जातात, कधी दवाखान्यात. धान्य घरात आलं की ते चुलीपर्यंत पोचतंच. पैसे देऊच नयेत असं मी म्हणत नाही. पण बाईला विचारून तरी बघायचं होतं, तुला काय हवं?

तिसरी गोष्ट अंगठ्याची. आमच्या ओळखीच्या एक आजी आहेत, सत्तरीच्या पुढच्या. जन्मभर खुरपणी, कापूस वेचणी, भांडी. मशीनवर त्यांचा अंगठा उमटेना. तीन वेळा रिकामी पिशवी घेऊन परत आल्या. मी विचारलं, तक्रार का केली नाही? तर म्हणाल्या, "माझंच बोट झिजलं की हो गुरुजी. मशीन काय करील?"

मंडळी, या वाक्याने मला दोन रात्री झोप लागली नाही. कष्ट करून बोट झिजलं, आणि ते झिजलं म्हणून धान्य नाही, आणि वर दोष कुणाचा, तर बोटाचा! मी त्यांच्याबरोबर गेलो. अंगठा उठत नसेल तर दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून धान्य देण्याची सोय नियमात आहे. दुकानदाराने नीट ऐकून घेतलं आणि धान्य मिळालं. त्यांना हक्क होताच. फक्त तो आहे हे सांगणारं कुणी बरोबर नव्हतं.

झारखंडात सिमडेगा जिल्ह्यात २०१७ साली एक अकरा वर्षांची मुलगी गेली. कार्ड आधारला जोडलेलं नाही म्हणून त्या घराचं रेशन कित्येक महिने बंद होतं. आई म्हणाली, लेकरू भात मागत गेलं. सरकारी अधिकारी म्हणाले, मलेरियाने गेलं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये केंद्राने कळवलं की आधार नाही म्हणून कुणाचंही धान्य नाकारू नये. हा आदेश लेकरू जाण्याआधी का निघू नये? २०२५ मध्ये आमच्याकडे ई-केवायसीसाठी म्हाताऱ्या माणसांच्या रांगा लागल्या, तेव्हा मला सारखी त्या मुलीची आठवण येत होती.

चौथी गोष्ट लहान आहे, पण मास्तर म्हणून माझ्या मनाला लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने ठरवलं की शाळेत आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं द्यायचं, न खाणाऱ्याला केळी. मुलं खूश. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला आणि हवं तर लोकसहभागातून करा असं सांगितलं. आता लोकसहभाग कुठे मिळतो? जिथे लोकांच्या खिशात पैसे आहेत तिथे. म्हणजे अंड्याची गरज जिथे कमी, तिथे अंडं. हे १९९५ च्या ८० टक्के हजेरीसारखंच झालं.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, तुमचं वय पंच्याहत्तर, तुम्ही लिहून काय होणार? खरंय. पण सगळं सरकारवर टाकून मोकळं व्हावं असंही मला वाटत नाही. साधी कामं आहेत. आपल्या ओळखीत एखादी एकटी म्हातारी असेल तर महिन्यातून एकदा तिच्याबरोबर रेशन दुकानात जा. तिला पावती वाचून दाखवा. धान्य नाकारलं तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते, हे तिच्या नातवाला सांगून ठेवा. गावात दक्षता समिती असायला हवी, ती कागदावर आहे की खरोखर बसते ते विचारा. नातेवाइकांपैकी जे शाळेत आहेत त्यांनी सोमवारचं पातेलं बघावं. आणि ज्यांना परवडतं त्यांनी आपल्या मूळ गावच्या शाळेला वर्षभराची अंडी द्यावीत. पण देताना फलक लावू नये, फोटो काढू नयेत. लेकराच्या हातात अंडं देतानाचा फोटो मला बघवत नाही.

जेवण झाल्यावर आपण 'अन्नदाता सुखी भव' म्हणतो. चांगलीच प्रथा आहे, मीही म्हणतो. पण रेशन घेऊन घरी जाणाऱ्या बाईला, खिचडी खाऊन हात धुणाऱ्या लेकराला कुणाचेही आभार मानावे लागू नयेत. ते त्यांचंच आहे. पुतण्याला मी एवढंच कळवणार आहे की पुढच्या वेळी गावी येशील तेव्हा एखाद्या सोमवारी ये. दुपारी साडेबाराच्या आत शाळेत जाऊ. आपणही पंगतीला बसू, आणि पातेल्यात किती उरतं ते बघू.